एक जुलैची माणसं

हलफा बेटावर सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. म्हातारे, बाळंतिणी, कडेवरची पोरं, सगळे एक जुलैचे. म्हशी तेवढ्या वाचल्या, कारण त्यांना कोणी विचारलं नाही. सत्तावन्न साली शिरगणतीचा सरकारी माणूस होडीतून दलदलीत आला आणि बोरूच्या एकेका झोपडीपुढे थांबून जन्मतारखा विचारू लागला. लोकांनी खरं तेच सांगितलं. ही मोठ्या पुराच्या वेळची, तो काळी म्हैस बुडाली त्याच्या अलीकडचा, हे मधलं कधी झालं ते त्याच्या आईला विचारा, ती मेली. त्या बिचाऱ्याला डासांनी फोडून काढलं होतं. त्याने वर्ष अंदाजाने टाकलं आणि दिवस सरसकट सगळ्यांना एकच देऊन टाकला. इराकच्या दक्षिणेत अशी माणसं गावोगाव होती, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

पण पंचाहत्तर सालचा एक जुलै वेगळा होता. शिरगणतीच्या साली जी पोरं आईच्या अंगावर पीत होती, ती सगळी त्या दिवशी एकदम अठरा वर्षांची होणार होती. अठरा म्हणजे काजीसमोर स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणायची मुभा. त्याआधी लग्न करायचं तर घरातल्या कर्त्याचा होकार लागायचा.

वसमियाच्या घरात कर्ता होता तिचा काका. आईबाप दोघंही गेलेले. आणि काकाच्या वरताण कर्ता होता काकाचा मुलगा, जासिब. मिशा अशा की दोन्हीकडून एकेक चिमणी बसावी. घरात बायको, दोन पोरं. तरी त्याने वसंतात गावच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत, कॉफीचा पेला खाली ठेवून सांगितलं होतं, "वसमिया माझ्या चुलत्याची मुलगी. मी तिला अडवलंय. दुसरा कोणी पुढे आला तर रक्त सांडेल." चुलतभावाला असं अडवायचा हक्क असतो, तो बापजाद्यांपासून चालत आलेला. स्वतः लग्न करीन असं तो म्हणाला नाही. करू देणार नाही, एवढंच म्हणाला. आणि हे सगळं कशासाठी, तर तिला मागणी घालणाऱ्या, होड्या बांधणाऱ्या दाखिलने एकदा शर्यतीत त्याला हरवलं होतं म्हणून! वसमियाला या गोष्टीचा इतका संताप यायचा की भाकरी थापताना ती तंदूरच्या भिंतीवर थाप नाही, थोबाडीत मारायची.

आता एक जुलै कधी असतो हे जासिबलाही ठाऊक होतं. त्याचाही तोच वाढदिवस. आदल्या संध्याकाळी त्याने फर्मान काढलं, "उद्या चारा कापायला मी जाईन. बायकांनी होडीला हात लावायचा नाही." आणि घरच्या दोन्ही होड्या हाकायच्या काठ्या उशाशी घेऊन झोपला.

पहाटे म्हशी उठल्या. त्या कोणाच्या फर्मानाला भीक घालत नाहीत. उजाडलं की आपापल्या पाण्यात उतरायचं, पोहत पोहत बोरूच्या रानात जायचं आणि संध्याकाळी परतायचं. वसमियाने ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात बांधलं, म्हशींना हाकलायच्या निमित्ताने काठावर आली आणि कोणी बघत नाही असं पाहून अलगद पाण्यात उतरली. म्हातारी उम्म-कर्न, एक शिंग वाकलेली म्हैस, पुढे निघाली होती. वसमियाने तिची शेपटी धरली, नाकापर्यंत पाण्यात गेली आणि कळपाच्या मधोमध चालती झाली.

"वसमियाऽ!" मागून चुलतवहिनीची, म्हणजे जासिबच्या बायकोची, हाक आली.

वसमियाने शेपटी घट्ट धरली. तिने वळून पाहिलं. वहिनी काठावर उभी होती, कडेवर पोर, आणि सरळ तिच्याकडेच बघत होती. दोघींची नजरानजर झाली. मग वहिनी झोपडीकडे तोंड करून मोठ्यांदा ओरडली, "तंदूरपाशी आहे ती! मी बघते! तुम्ही झोपा जरा!"

वसमियाला पाण्यातच हसू फुटलं आणि नाकातोंडात पाणी गेलं.

बोरूच्या पलीकडे दाखिलची होडी उभी होती. काठी धरून दाखिल, आणि होडीच्या मधोमध मांडी घालून त्याची आई हसना. तिने वसमियाला काखेत धरून वर ओढलं.

"अगं बाई, नवरी आहेस का मासा? सगळं अंग शेणानं माखलंय! फीर तिकडे. अरे दाखिल, तू कुठे बघतोयस? पाण्याकडे बघ!"

"पाण्याकडेच बघतोय, आई."

"मग पाणी काय लाजतंय?"

हसनाने तिला कोरडे कपडे दिले, डोक्यावरून काळा अबाया टाकला आणि हातात तांदळाची भाकरी, त्यावर सायीचा जाड थर, असं दिलं. वसमियाने ते दोन घासांत संपवलं. ती आज अठरा वर्षांची होती! काल बोलली असती तर पोरीची बडबड. आज बोलेल ते सरकारदरबारी लिहून घेतलं जाणार होतं.

मोठ्या कालव्याला लागले तर तिथे जत्रा! प्रत्येक बेटावरून एकेक होडी निघालेली, आणि प्रत्येक होडीत एक नवरी, एक नवरा, एक रडणारी नाहीतर भांडणारी आई. एका होडीत डफ होता. एकीत बकरा बांधलेला होता आणि तोच सगळ्यात जास्त ओरडत होता.

"कुठल्या तारखेचे?" पलीकडच्या होडीतून कोणीतरी ओरडलं.

"एक जुलै!" दाखिल ओरडला.

"अरे वा! आम्हीपण!"

सगळा कालवा हसला. मग शर्यत लागली. दाखिल काठी टेकून सगळ्या अंगानिशी पुढे झुकला की होडी पाण्यावरून सरकन निसटायची. त्याच्या हातची होडी होती ती, डांबर अजून चकाकत होतं. वसमिया पुढच्या टोकाला बसून ओरडत होती, "डावीकडून! अरे डावीकडून घे, बकऱ्याला मागे टाक!" तिला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. हसना मात्र दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून बसली होती.

"मावशी, घाबरलात?"

"होडीला नाही गं. शहराला. तिथे सरकार राहतं." हसनाने आवाज खाली केला. "शिरगणतीवाला आला होता ना, तेव्हा हा चारेक वर्षांचा होता. आमच्याकडे बोलवा होती की मुलगे लिहून नेतात ते लष्करासाठी. म्हणून मी ह्याला चटयांच्या ढिगाखाली घातलं आणि स्वतः वर आडवी झाले. ह्याच्या तोंडावर हात दाबून. तो माणूस दाराशी उभा राहून विचारतोय, घरात मुलगा आहे का, आणि मी म्हणते, कुठला मुलगा? पोटात कळा येतात हो माझ्या, जा तुम्ही."

"मग नंतर नाव कसं लागलं?"

"दोन वर्षांनी मुख्तारने लावलं, गावचं दप्तर त्याच्याकडेच असतं. गावच्या सगळ्याच मुलग्यांची एकदम. आम्हा सगळ्या आयांनी तेच केलं होतं ना!" ती सांगत होती आणि एकीकडे उजवा तळवा डाव्या अंगठ्याने चोळत होती.

सूक-बरदी शहराच्या कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात डफ, ओसरीवर नवऱ्या, पायऱ्यांवर आया. फाटकातला पोलीस कपाळाला हात लावून म्हणत होता, "दरवर्षी असंच. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस इथे कावळा फिरकत नाही." गर्दी बघून काजीने सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरलाही कोपऱ्यात टेबल टाकून दिलं होतं. ज्यांच्या वयाचा घोळ होता त्यांचा तिथेच निकाल.

वसमियाचं नाव पुकारलं तेव्हा ती पुढे झाली. काजी पिकल्या दाढीचा, जाड चष्म्याचा, आणि सकाळपासून लग्नं लावून लावून खुशीत आलेला माणूस होता. कारकुनाने तिचं ओळखपत्र पिशवीतून काढलं, वास आला म्हणून नाक मुरडलं आणि वाचलं.

"एक जुलै सत्तावन्न. अठरा पूर्ण."

झालं! वसमियाला वाटलं, ओरडावं. तिने अबायाच्या आत मूठ घट्ट आवळली. ज्या गोष्टीची धास्ती घेऊन अख्खा उन्हाळा काढला ती एका ओळीत संपली.

"आता नवरदेव," कारकून म्हणाला.

हसनाने छातीशी बांधलेल्या फडक्यातून दाखिलचं ओळखपत्र काढलं. पाण्यात पाडेल म्हणून तिने ते कधी त्याच्या हाती दिलंच नव्हतं. कारकुनाने वाचलं, चष्मा काढला, दाखिलकडे पाहिलं, त्याच्या खुंटं वाढलेल्या हनुवटीकडे पाहिलं, आणि पुन्हा वाचलं.

"एक जुलै एकोणसाठ."

"म्हणजे?" दाखिलने विचारलं.

"म्हणजे बाळा, तू सोळा वर्षांचा आहेस."

खोलीत असा हशा पिकला की बाहेरचा डफ थांबला. अख्खं बेट सगळा उन्हाळा मुलीचं वय मोजत बसलं होतं. मुलाचं वय बघावं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चार वर्षांचा मुलगा लपवला, दोन वर्षांनी मुख्तारकडे नेला आणि नुकतंच जन्मलेलं बाळ म्हणून लिहून आणला. लष्कर जितकं लांब राहील तितकं बरं!

काजी हसला नाही. "पोरी, तू स्वतःच्या मर्जीने लग्न करू शकतेस. हा नाही करू शकत. ह्याचे वडील?"

"वारले," हसना कशीबशी म्हणाली.

"चुलते?"

"कुवेतला. कधी येतील ते..."

"मग दोनच वाटा आहेत. हा अठराचा होईपर्यंत थांबा. नाहीतर तो कोपऱ्यात डॉक्टर बसलाय, तो दाढा बघून खरं वय लिहून देईल. पण एक सांगतो. बदललेलं वय मला पलीकडे भरती कचेरीत कळवावं लागतं. आजच्या आज."

हसनाने दाखिलची बाही दोन्ही हातांनी धरली. "नको. थांबू आपण. दोन वर्षं काय, अशी जातील. वसमिया, सांग ना गं त्याला."

दोन वर्षं! वसमियाच्या डोळ्यांसमोर काकाची झोपडी आली, जासिबच्या उशाशी असलेल्या काठ्या आल्या. आता ती परत गेली तर तिथून पुन्हा बाहेर पडणार नव्हती, हे ती पुरतं समजून होती.

आणि नेमका तेव्हाच अंगणात गलका झाला.

"कुठे आहे ती? बाजूला व्हा!" गावच्या शेखची मोटारबोट उसनी घेऊन जासिब आला होता. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, डोळे लाल. पोलिसाला ढकलून तो सरळ आत घुसला. "काजीसाहेब, हे लग्न होणार नाही! मी तिला अडवलंय! मी तिच्या चुलत्याचा मुलगा. जो सही करील त्याला मी बघून घेईन, हे सगळ्यांच्या देखत सांगतो!"

लोक भिंतीला सरकले. दाखिल वसमियाच्या पुढे येऊन उभा राहिला. तीही मागे सरली नाही.

काजीने टेबलावरचा चहाचा छोटा पेला उचलला, एक घोट घेतला. "धमकी देतोस, तीही कोर्टात. बरं. लिहून घेऊ. नाव?"

"जासिब! हलफा बेटाचा!"

"ओळखपत्र दे."

जासिबने खिशातून काढून ते टेबलावर आपटलं. कारकुनाने उचललं. वाचलं. ह्या वेळी त्याने चष्मा काढला नाही, नुसता काजीपुढे सरकवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"एक जुलै एकोणसाठ," काजी म्हणाला. "आज तुझाही वाढदिवस, बाळ. सोळावा."

"काय?"

"मुलाचं म्हणणं मी लिहून घेऊ शकत नाही. मोठ्या माणसाला घेऊन ये."

"मी... मी मुलगा? मला दोन पोरं आहेत!"

"वा! म्हणजे तू मोठा माणूस आहेस?" काजी पुढे झुकला. "मग लष्कराचं बोलावणं इतकी वर्षं कसं चुकवलंस? हरकत नाही. डॉक्टर इथेच आहेत. तोंड उघड, दाढा मोजू, आणि मग तुझी हरकतही लिहून घेऊ आणि तुला पलीकडेही पोचवू."

डॉक्टर हातात बॅटरी घेऊन उभा राहिला.

आणि मग वसमियाने जे पाहिलं ते ती जन्मभर विसरणार नव्हती. ज्या तोंडाने बैठकीत रक्त सांडायची भाषा केली होती, ते तोंड जासिबने गच्च मिटून घेतलं. ओठ आत, जबडा आवळलेला, मिशा थरथरताहेत. डॉक्टर एक पाऊल पुढे आला तसा तो दोन पावलं मागे गेला.

"उघड की रे!" दारातून कोणीतरी म्हणालं. "मघाशी तर घसा दिसत होता!"

"राहू दे, लहान आहे!" एक म्हातारी म्हणाली. "दुधाचे दात पडले का रे, राजा?"

आता मात्र भिंती हलल्या. दहा बेटांची माणसं तिथे होती. संध्याकाळी दहा बैठकींत हीच गोष्ट सांगितली जाणार, आणि यापुढे जासिब कुठेही आवाज चढवून बोलला की कोणीतरी म्हणणार, तोंड उघड, दाढा मोजू. त्याच्या अडवण्याची किंमत तिथेच संपली. हे त्यालाही कळलं. तो दाराकडे निघाला, पण उंबऱ्यावर वळला आणि मिटल्या दातांतून म्हणाला, "आणि तो? आमची नावं एकदमच लागली, तोपण एकोणसाठचाच ना? मग त्यालाही सांगा की, उघड म्हणावं तोंड!"

हसू विरलं. सगळ्यांच्या नजरा दाखिलवर गेल्या.

हसनाने त्याची बाही सोडली नव्हती. "ऐकू नकोस. तुला डिवचतोय तो. दाखिल, माझ्याकडे बघ."

दाखिलने वसमियाकडे पाहिलं. तिला 'उघड' म्हणायचं होतं. तिला 'नको' असंही म्हणायचं होतं. लष्कर म्हणजे डोंगर, बंदुका, परत न आलेली पोरं. काजीने विचारलं, "पोरी, तुझं काय म्हणणं?"

"माझं तोंड आजपासून माझं झालं," ती म्हणाली. प्रत्येक शब्द दारापर्यंत ऐकू गेला. "त्याचं त्याचं आहे. मी त्यावर हात ठेवणार नाही, काजीसाहेब. आणि उघड असंही सांगणार नाही. पण तो काहीही म्हणाला तरी मी परत काकाच्या घरी जाणार नाही. मी त्याच्या आईच्या घरी राहीन. थांबायचं असेल तर तिथे थांबेन."

दाखिलने आईची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली, हलकेच, काटा काढावा तशी. मग तो डॉक्टरपुढे जाऊन खुर्चीत बसला आणि आ वासला.

डॉक्टरने बॅटरी आत मारली, इकडून तिकडून पाहिलं, मनगट दाबून बघितलं. "अक्कलदाढा चारही आल्यात, झिजल्याही आहेत. बावीसच्या आसपास. अक्कल आली की नाही ते ह्या बाई बघतील."

"आली," वसमिया म्हणाली.

ती रडत होती आणि हसत होती. काजीने तिला विचारलं, तुला हा मान्य आहे का, तेव्हा ती 'हो' इतक्या मोठ्यांदा म्हणाली की बाहेरच्या बायकांनी एकदम जिभा हलवून आनंदाची किलकारी घातली आणि तो बकरासुद्धा ओरडला. कारकुनाने दोन कागद केले. एकावर लग्न लागलं. दुसरा कागद शिपाई पलीकडे भरती कचेरीत घेऊन गेला.

परतीच्या वाटेवर कालवा सोन्यासारखा पिवळा झाला होता. होड्यांमधून बंदुकीचे बार निघत होते, डफ पुन्हा सुरू झाला होता. दाखिल काठी मारत होता. आठवड्याने त्याला हजर व्हायचं होतं. ते सोडून तो बाकी सगळ्याबद्दल बोलत होता, आणि वसमिया त्याच्या प्रत्येक वाक्याला हसत होती.

हसना उजवी मूठ मिटून पाण्याकडे बघत बसली होती. हलफा दिसू लागलं, काठावर येऊन थांबलेल्या म्हशी दिसल्या, तेव्हा वसमियाला राहवलं नाही. "मावशी, माझ्यावर रागावलात? मी नको म्हणाले असते तर..."

हसनाने उजवा हात पुढे केला आणि तळवा उलगडला. अंगठ्याच्या खालच्या मऊ मांसात लहान लहान पांढऱ्या खुणांची एक कमान होती.

"मी तोंड दाबून धरलं होतं ना, त्या दिवशीची आहे ही," ती म्हणाली. "बाहेर तो माणूस विचारत होता, मुलगा आहे का, आणि हा आतून जीव खाऊन चावत होता. 'मी आहे' म्हणायचं होतं त्याला. मी नाही सोडलं. रक्त आलं तरी."

मागे दाखिलची काठी थांबली.

हसनाने तोच तळवा वसमियाच्या गालावर ठेवला. "आज म्हणाला," ती म्हणाली.